ओक्लाहोमा सिटीहून आई-बाबांना

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर, तब्येत ठणठणीत. आई, तू फोनवर विचारतेस की सुट्टीच्या दिवशी मैदानावर कशाला जातेस, म्हणून सविस्तर लिहिते. मी तिथे मुलींना सॉफ्टबॉलची फलंदाजी शिकवते. नोकरीला त्याचा काही त्रास नाही. मी एक पैसा घेत नाही, त्यामुळे व्हिसाचीही काळजी नको. चेंडू लागेल म्हणशील, तर मुलींच्या हेल्मेटला जाळी असते आणि सरावात माझ्यासमोरही जाळी लावलेली असते.

इथे मुलगे बेसबॉल खेळतात आणि मुली फास्टपिच, म्हणजे वेगवान चेंडूफेकीचा, सॉफ्टबॉल. बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ६० फूट ६ इंचांवरून, मातीच्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू टाकतो, म्हणून चेंडू वरून खाली येतो. मोठ्या मुलींची पिचर सपाट जमिनीवर, फक्त ४३ फुटांवर असते. हात गरगर फिरवून ती कमरेजवळून चेंडू सोडते. ताशी ६५ मैलांचा तो चेंडू सेकंदाच्या चार दशांशात पोचतो. बेसबॉलमध्ये ताशी ९५ मैलांच्या चेंडूला साधारण एवढाच वेळ मिळतो. बाबा, २००४ मध्ये जेनी फिंच या पिचरने अल्बर्ट पुजोल्ससारख्या बेसबॉलच्या दादा फलंदाजाला स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू हुकवून बाद, केलं होतं!

एवढं असूनही कितीतरी वडील मुलीला सांगतात, जोर लावू नकोस, वरून खाली नुसती बॅट मार आणि पळत सुट. मला हे अजिबात पटत नाही. स्विंग, म्हणजे बॅट फिरवण्याचा प्रकार, मुलाचा आणि मुलीचा वेगळा नसतो. आधी कंबर वळते, मागून हात येतात, आणि बॅट चेंडूच्या वाटेवर जितका वेळ राहील तितकं चांगलं. फरक आहे तो वेळेचा. पिचरचा हात डोक्यावर गेला की आपली तयारी झालीच पाहिजे, आणि चेंडू सुटेपर्यंत पुढचा पाय टेकलेला हवा. छातीवर येणारा चेंडू मोहात पाडतो, तो सोडायला शिकवावं लागतं. डावखुऱ्या मुली पळता पळता चेंडू ढकलतात ती कला निराळी, पण ती पूर्ण स्विंग आल्यावर शिकवायची.

आमच्यात बारा वर्षांची एक मुलगी आहे. तिचा प्रत्येक फटका पायाशीच आपटायचा. मी तिला एवढंच सांगितलं की पाय लवकर टेक आणि पोट पिचरकडे वळू दे. परवा तिचा चेंडू शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या, डोक्यावरून सरळ मागे गेला. ती पळायचंच विसरली, बॅट हातात धरून बघत राहिली. आई, अशा दिवशी घरी आल्यावर एकटं वाटत नाही गं.

बाबा, घराच्या हप्त्याचे पैसे पाठवलेत. आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे वेगळे आहेत, ते हप्त्यात घालू नका. मावशीने सुचवलेल्या स्थळाशी मी बोलेन, नाही म्हटलेलं नाही, फक्त घाई नको. दादाच्या साखरपुड्याला आले नाही, त्यावर तुम्ही कोणी काही बोलला नाहीत, तेच जास्त लागलं. जून-जुलैत इथे स्पर्धा असतात, पण दादाचं लग्न तेव्हा ठरलं तरी मी येणार, मुलींना तसं सांगून ठेवलंय. २०२८ च्या ऑलिंपिकमधलं सॉफ्टबॉल आमच्याच शहरात होणार आहे, तेव्हा तुम्ही दोघांनी यायचं. वहिनीच्या शालूचे पैसे माझ्याकडून, दादाला आत्ताच सांगू नका. तारीख ठरली की लगेच कळवा, तिकीट काढायचंय.

तुमची,
धाकटी