विसर पडणाऱ्या वृद्धांच्या हातची कामे काढून घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ७३ वर्षांच्या आईला सौम्य स्मृतिक्षीणता, म्हणजेच डॉक्टरमंडळी ज्याला ‘एमसीआय’ म्हणतात ती, असल्याचे निदान झाले. हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नव्हे. यात स्मरणशक्ती वयाच्या मानाने अधिक उणावते, तरी रोजचे व्यवहार माणूस स्वतः सांभाळू शकतो. काहींची स्थिती वर्षानुवर्षे तशीच राहते, काहींची सुधारतेही. आम्हाला मात्र ‘मेंदूचा आजार’ एवढेच ऐकू आले आणि काळजीपोटी गॅसपासून बाजाराच्या पिशवीपर्यंत सारे आम्ही तिच्या हातून काढून घेतले.

त्या वर्षी चवथीची माटोळीही, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची व पानाफुलांची आरास, आम्हीच बांधली. ‘कवंडळे राहिली,’ असे ती दोनदा म्हणाली, पण कोणी लक्ष दिले नाही. त्यानंतर ती बोलायचीच कमी झाली. विसरण्याने तिचे जेवढे नुकसान झाले नव्हते, तेवढे आमच्या या वागण्याने झाले, हे कबूल करताना आजही मला वाईट वाटते.

गेल्या वर्षी माटोळीची यादी तिच्याकडेच सोपवली. तिने ती वहीत लिहून काढली, डिचोलीच्या बाजारात स्वतः आंबाडे आणि सुपारीचे शिपटे निवडले आणि आणलेल्या वस्तूवर पेन्सिलीने खूण केली. तोरिंजन आणले का, हे तिने तीनदा विचारले. तिन्ही वेळा तिला वही दाखवली आणि ती शांत झाली. चूक झाली तरी सावरता येते, हा भरवसा परत येणे म्हणजेच मनाची उभारी, असे मला वाटते.

ही उभारी केवळ घरच्यांच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातील ११.२ टक्के लोक साठीपुढचे होते आणि त्यांतील अनेकांची मुले परगावी वा परदेशी असतात. नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ ज्येष्ठांवर गोव्यातच झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी यांतील सुमारे निम्म्या मंडळींना अडचणी टप्प्याटप्प्याने सोडवण्यास व झोप सुधारण्यास मदत केली. वर्षभरात त्यांच्यातील सुमारे ४ टक्क्यांना तीव्र नैराश्य आले, तर ही मदत न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. तो अभ्यास स्मृतिक्षीणतेचा नव्हता, परंतु निदानानंतर खचणाऱ्या वृद्धांना हीच मदत हवी असते. नैराश्य, एकटेपणा आणि ऐकू कमी येणे ही तिन्ही डिमेन्शियाचा धोका वाढवतात, हेही ध्यानात घ्यावे.

म्हणून आरोग्य खात्याला विनंती आहे की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस असा समुपदेशक असावा. त्याच दिवशी श्रवणतपासणी व्हावी, आणि बी-१२ व थायरॉइडचीही, कारण यांच्या बिघाडानेही विसर पडतो व तो उपचाराने सुधारू शकतो. निदान सांगताना घरच्यांनाही समोर बसवून, रुग्णाची कोणती कामे त्याच्याकडेच ठेवायची, हे स्पष्ट सांगितले जावे. आम्हाला ते कोणी सांगितले नाही, आणि आईचे एक वर्ष त्यात गेले.

आपली नम्र,
एक वाचक, डिचोली