प्रजातींच्या आकड्यासोबत मोजणीची पद्धतही छापा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

पावसाळा सरत आला की नाशिकच्या टेकड्या, गोदाकाठ आणि नांदूर मधमेश्वर यांच्याबद्दल 'अमुक इतक्या प्रजाती आढळल्या' अशा बातम्या येऊ लागतात. आकडा मोठा असला की त्याचा मथळा होतो, मागच्यापेक्षा कमी आला की चिंता व्यक्त होते. परंतु किती जागा पाहिली, किती वेळ दिला, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या पद्धतीने पाहिले, हे सोबत नसेल तर त्या आकड्याची तुलना कशाशीच करता येत नाही. बातमी देणाऱ्यांनी आणि अहवाल लिहिणाऱ्यांनी ही चार वाक्ये द्यावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

जागा वाढवली, माणसे वाढवली, तास वाढवले की प्रजाती वाढतातच. आधी झपाट्याने वाढतात, नेहमीच्या प्रजाती नोंदवून झाल्या की संथपणे. त्यामुळे वीस जणांनी दिवसभर फिरून केलेली यादी आणि दोघांनी सकाळच्या दोन तासांत केलेली यादी शेजारी ठेवून 'विविधता घटली' असा निष्कर्ष काढणे चूक आहे. घटली आहे ती मेहनत.

टेकडीवरच्या झाडांचेच घ्या. पांडवलेणी किंवा म्हसरूळ बाजूची टेकडी मोजायची तर पायवाटेने चालत दिसेल ते लिहू नये. वाटेच्या कडेला लावलेली झाडे जास्त आणि चराईही जास्त असते. नकाशावर जाळी आखून चिठ्ठ्या टाकाव्यात आणि जिथे चिठ्ठी निघेल तिथेच २० मीटर बाय २० मीटरची चौकट आखावी, जागा काटेरी असो वा रटाळ. चौकट खरोखर चौरस आहे का, हे कर्ण मोजून कळते, तो २८.३ मीटर भरला पाहिजे. उतारावर इथेच फसगत होते. टेप जमिनीवर टेकवून २० मीटर धरले तर नकाशावरचे क्षेत्र कमी भरते. ३० अंशांच्या उतारावर आडवे २० मीटर मिळवायला उताराच्या दिशेने २३.१ मीटर मोजावे लागतात. ही दुरुस्ती केली नाही, तर डोंगराची प्रत्येक चौकट सपाटीवरच्या चौकटीपेक्षा लहान राहते आणि डोंगर उगाच गरीब ठरतो.

चौकटीत १.३७ मीटर उंचीवर ३० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त घेर असलेले प्रत्येक झाड मोजावे. त्या उंचीच्या खालीच खोड फुटले असेल तर प्रत्येक फांदीचा घेर वेगळा लिहावा, पण झाड एकच धरावे. चौकट आखलेल्या दोरीवर आलेल्या झाडांसाठी नियम आधीच ठरवावा: दोन बाजूंवरची घ्यायची, उरलेल्या दोन बाजूंवरची सोडायची. झुडपांसाठी त्याच चौकटीत ५ बाय ५ मीटरची आणि गवत व रोपट्यांसाठी चार कोपऱ्यांत १ बाय १ मीटरची लहान चौकट पुरते. ओळख पटली नाही तर झाड वगळू नये. 'अनोळखी १' असे नाव देऊन पानाची पुढची-मागची बाजू, साल आणि फुल-फळ यांचे फोटो घ्यावेत आणि तेच नाव सगळ्या चौकटींत चालवावे. मार्चमध्ये सालई आणि मोई ही दोन्ही झाडे निष्पर्ण असतात तेव्हा सालीवरच भिस्त असते. सालईची साल कागदासारखी सुटते, मोईची जाड खपल्यांनी. पाने असतील तर सोपे आहे, सालईच्या पर्णिकांच्या (एका देठावरच्या छोट्या पानांच्या) कडा दातेरी असतात, मोईच्या सरळ.

आता आकडेमोड. समजा दोन चौकटी आहेत, दोन्हींत १० प्रजाती आणि १०० झाडे. पहिलीत प्रत्येक प्रजातीची दहा-दहा झाडे. दुसरीत ९१ झाडे एकट्या गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) आणि बाकी नऊ प्रजातींचे एकेक झाड. बातमीत दोन्हींना '१० प्रजाती' असेच छापले जाईल. शॅनन निर्देशांक, म्हणजे प्रजाती किती आणि त्यांची झाडे किती समप्रमाणात हे एकाच आकड्यात सांगणारे माप, पहिल्या चौकटीला २.३० देतो, दुसरीला ०.५०. हे आकडे वाचकाला काही सांगत नाहीत, म्हणून मार्क हिल यांनी 1973 मध्ये मांडलेल्या रीतीने ते 'परिणामी प्रजातीसंख्ये'त बदलावेत, म्हणजे तेवढीच विविधता द्यायला सारख्या संख्येच्या किती प्रजाती लागतील ते पाहावे. पहिली चौकट १० प्रजातींची, दुसरी जेमतेम १.६५ प्रजातींची. सिम्पसनच्या 1949 मधल्या सूत्राने, जे बहुसंख्य प्रजातीला अधिक वजन देते, दुसरी १.२ वर येते. मोनोकल्चर, म्हणजे एकाच प्रजातीचे वर्चस्व, म्हणतात ते असे आकड्यात दिसते. शॅननचा आकडा देताना लॉगॅरिदमचा पाया लिहायला विसरू नये. पहिल्या चौकटीचाच निर्देशांक नैसर्गिक लॉगने २.३०, पाया २ घेतला तर ३.३२ आणि पाया १० घेतला तर १ येतो. दोन अहवालांतला फरक कधी कधी जंगलातला नसतोच, कॅल्क्युलेटरच्या बटणातला असतो.

जे दिसले नाही त्याचाही अंदाज काढता येतो. ॲन चाओ यांचे 1984 मधले सूत्र सोपे आहे. एकदाच सापडलेल्या प्रजातींच्या संख्येचा वर्ग करायचा, त्याला दोनदा सापडलेल्या प्रजातींच्या दुपटीने भागायचे आणि उत्तर आढळलेल्या प्रजातींत मिळवायचे. ४० प्रजाती सापडल्या, त्यांतल्या १२ एकदाच आणि ६ दोनदा, तर १४४ भागिले १२ म्हणजे आणखी १२. किमान ५२ प्रजाती तिथे असाव्यात. हा किमान अंदाज आहे, नेमका आकडा नव्हे. आणि तो चुकीच्या ओळखीने लगेच फुगतो. एक मोई चुकून तिसऱ्याच नावाने लिहिली गेली की 'एकदाच सापडलेली' आणखी एक प्रजाती तयार होते. दोन ठिकाणांची तुलना करायची असेल तर झाडांची संख्या समान पातळीवर आणावी. एकीकडे ४०० आणि दुसरीकडे १५० झाडे मोजली असतील, तर ४०० मधून १५० झाडे यदृच्छेने पुन्हा पुन्हा काढून सरासरी प्रजाती पाहाव्यात. हे काम संगणक काही सेकंदांत करतो.

पक्ष्यांची रीत वेगळी. सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास, ठरलेल्या बिंदूवर १० मिनिटे, ५० मीटर त्रिज्येतले पक्षी, आणि दोन बिंदूंमध्ये किमान २०० मीटर अंतर, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही. नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथे हिवाळ्यात बदकांचे थवे उतरतात. थव्यातली संख्या अंदाजे लिहिली जाते, तेव्हा संख्येऐवजी 'किती भेटींत दिसला' हा हिशेब अधिक विश्वासार्ह. पाण्याची पातळी मात्र प्रत्येक वेळी लिहावी. चिखलाचा काठ बुडाला की चिखलात चरणारे पक्षी निघून जातात, आणि ती घट विविधतेची नसते.

एक गोष्ट कुठलेच सूत्र सांगत नाही, ती म्हणजे प्रजाती कोणत्या आहेत. घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ, निलगिरी धरूनही प्रजातीसंख्या भरते, म्हणून स्थानिक आणि परदेशी यांचे आकडे वेगळे द्यावेत. अंजनेरीच्या कातळपठारावर २० बाय २० ची चौकट टाकली तर झाडे शून्यही येतील. त्याच जागी सप्टेंबरमध्ये १ बाय १ मीटरची चौकट टाकली की रोपट्यांची गर्दी दिसते. सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प ज्या डोंगराच्या नावाने ओळखले जाते, तो हाच. झाडांच्या मोजणीवरून अशा पठाराला 'उजाड' ठरवून तिथे वृक्षारोपणाचे खड्डे घेणे म्हणजे मोजमापाच्या चुकीतून केलेला विध्वंस आहे. हे मला फार लागते.

जैवविविधता कायदा 2002 खाली स्थानिक समित्या लोक जैवविविधता नोंदवही करतात. ते काम मोलाचे आहे, पण नोंदवही ही यादी असते, मोजणी नव्हे. तिला जोडून काही कायमच्या चौकटींचा तक्ता असावा: चौकट क्रमांक, तारीख, निरीक्षक, प्रजाती, संख्या. तो तक्ता जसाच्या तसा सर्वांना खुला हवा, कारण त्यातून कोणताही निर्देशांक पुढे कोणीही काढू शकतो. निर्देशांकातून तक्ता मात्र परत मिळत नाही. दुर्मीळ कंदीलपुष्पे आणि आमरींच्या (ऑर्किडच्या) जागा तेवढ्या ढोबळ द्याव्यात, उपटून नेणारेही वाचतात.

2027 च्या सिंहस्थासाठी गोदाकाठी कामे होणार आहेत. जिथे यंत्रे अजून पोहोचलेली नाहीत, तिथे यंदाच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चौकटी मोजून ठेवाव्यात आणि जिथे कोणतेच काम प्रस्तावित नाही अशाही काठावर तितक्याच चौकटी घ्याव्यात. नाहीतर नंतर दिसलेला फरक कामामुळे की पावसामुळे, हे सांगता येणार नाही. चौकटीच्या कोपऱ्यांना नुसत्या खुंट्या ठोकू नयेत, पुरात त्या राहत नाहीत. जीपीएसची नोंद काही मीटर इकडेतिकडे होते, म्हणून प्रत्येक कोपऱ्याचे अंतर आणि दिशा जवळच्या दोन मोठ्या झाडांपासून किंवा खडकापासून मोजून वहीत लिहावी.

आपला,
एक वनस्पती अभ्यासक,
नाशिक