काष्ठौषधी ओळखून देण्याची सोय ठाण्यात हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे स्टेशनजवळ आमचे काष्ठौषधींचे छोटे दुकान आहे. सासऱ्यांनंतर ते मी चालवते. बाळगुटीचे सामान, बाळंतकाढा, हिरडा-बेहडा, शिकेकाई, गुळवेल, अशोकाची साल असा आमचा माल. आयुर्वेदिक औषधांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, त्याचे स्वागतच आहे. पण गिऱ्हाइकाच्या हाती पडणारी वस्तू खरोखर तीच आहे का, याची विचारपूस कोणी करत नाही. मला त्याविषयी लिहायचे आहे.

अशोकाचेच घ्या. पाळीच्या तक्रारींवर वैद्य ज्याची साल लिहून देतात तो सीतेचा अशोक, केशरी फुलांचे घोस येणारा. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला उंच, निमुळता उभा असतो तो खोटा अशोक. तो सीताफळाच्या कुळातला, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. खऱ्या अशोकाची झाडे जंगलात कमी होत चालली आहेत, त्यामुळे खोट्याची साल बाजारात खुशाल त्याच नावाने येते. असेच एक पोते माझ्याकडे आले. तुकडा मोडायला गेले तर तुटेना, नुसते धागे सुटू लागले. चाखून पाहिला तर तो तुरटपणा जिभेला लागेना. मी पोते परत पाठवले. "ताई, सगळीकडे हीच जाते," एवढेच उत्तर व्यापाऱ्याकडून मिळाले.

साल अख्खी होती म्हणून एवढे तरी कळले. चूर्ण झाल्यावर मुरलेला माणूसही छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. म्हणून मी कुटून काही विकत नाही. तसाही विक्रीसाठी चूर्ण करायचे तर 1940 च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो, त्यातल्या शेड्यूल टी या औषधनिर्मितीच्या नियमावलीप्रमाणे 1200 चौरस फूट जागा लागते, पात्र तज्ज्ञ नेमावा लागतो. हे नियम योग्यच आहेत, पण ठाण्याच्या भाड्यात ते छोट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. उलट, आयुर्वेदिक औषधे नुसती विकायला वेगळा औषध परवाना लागत नाही. बनवणाऱ्यावर इतकी बंधने आणि पुडी बांधून विकणाऱ्याला काहीच विचारणा नाही, हे विकणारी म्हणून मला बरे वाटत नाही. अतिविष ही बाळगुटीतली मुळी आम्ही ग्रॅमवर तोलून देतो आणि ती उगाळून थेट तान्ह्या बाळाच्या जिभेवर जाते. बचनाग त्याच्याच कुळातला आहे, आणि तो जहाल विष आहे.

गुळवेलीचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी 2021 मध्ये मांडले. त्यावर आयुष मंत्रालयाने सांगितले की रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेलीच नव्हती. ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे खरी गुळवेल नसून टिनोस्पोरा क्रिस्पासारखी दुसरी वेल असू शकेल. त्यात बरोबर कोण, हे तज्ज्ञांनी ठरवावे. मला दुकानदार म्हणून एवढेच विचारायचे आहे की वेल ओळखून घ्यायची तर ती ओळखून देणार कोण? ताज्या वेलीची पाने आणि साल पाहून फरक करता येतो. वाळवून तुकडे केलेला माल गोणीतून येतो तेव्हा दोन्ही सारख्याच दिसतात. खासगी प्रयोगशाळा आहेत, पण त्यांचे दर कारखान्याच्या मोठ्या मालाला परवडणारे. दोन-चार किलो माल घेणाऱ्याने ते कुठून भरायचे?

यासाठी नवी इमारत बांधायला नको. नेरुळला आयुर्वेद महाविद्यालय आहे, ठाण्यात वनस्पतिशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत. द्रव्यगुण म्हणजे औषधी द्रव्यांची ओळख शिकवणारे प्राध्यापक आणि सूक्ष्मदर्शक तिथे असतातच. अन्न व औषध प्रशासन आणि ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी त्यांच्याशी करार करून आठवड्यातला एक दिवस ठरवावा. दुकानदाराने किंवा गिऱ्हाइकाने नमुना द्यावा, माफक शुल्क भरावे आणि लेखी अभिप्राय घ्यावा. आपल्याच जिल्ह्यातल्या शहापूरच्या कातकरी बांधवांनी गोळा केलेली गुळवेल आदिवासींचा रानमाल विकायला मदत करणाऱ्या सरकारी योजनेतल्या वनधन केंद्राच्या मार्फत मोठ्या औषध कंपन्यांपर्यंत गेली आहे. त्याच साखळीला शहरातली छोटी दुकाने जोडली, तर माल कोणत्या रानातून आला हे आम्हाला सांगता येईल आणि तोडणाऱ्याच्या पदरातही चार पैसे जास्त पडतील.

सुट्या काष्ठौषधीच्या प्रत्येक पुडीवर शास्त्रीय नाव, माल कुठून आला आणि कधी आला, एवढे छापणे सक्तीचे करावे. आमच्या दुकानात ते आम्ही हाताने लिहितो. गिऱ्हाइके थांबून वाचतात, प्रश्न विचारतात, आणि कित्येक जण घरातली जुनी पुडी दाखवायला घेऊन येतात. त्या पुडीत नेमके काय आहे, हे त्यांना खात्रीने सांगता यावे म्हणून हे पत्र.

आपली,
एक काष्ठौषधी विक्रेती, ठाणे (पश्चिम)