गॅसचे सर्टिफिकेट आहे, गरम पाणी नाही : ब्रिटनच्या गृहनिर्माणमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माणमंत्री,
युनायटेड किंगडम सरकार, लंडन

सा. न. वि. वि.

याच मजकुराचे इंग्रजी पत्र आपल्या कार्यालयाकडे रवाना केले आहे. मराठीत उघडपणे लिहितो आहे, कारण स्लाव, हाउन्स्लो, रेडिंग या भागात भाड्याने राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या मराठी घरांतही हाच त्रास आहे आणि दाद कुणाकडे मागायची हे कुणालाच कळत नाही.

आमच्या घरात कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय नळाचे पाणी आणि हीटिंग दोन्ही तापवणारा) वरच्या मजल्यावर आहे, गॅसचा मीटर खाली दाराशी. शेगडी बंद असली तर अंघोळ कशीबशी होते. खाली कुकर चढवला आणि वर कुणी शॉवर सोडला, की बॉयलर दोन-तीनदा टकटक करतो आणि बंद पडतो. जानेवारीत हीटिंगचेही तेच. लेटिंग एजंटला कळवले की ठरलेले उत्तर येते: "प्रेशर कमी झाले असेल, खालचा नळ फिरवून एकच्या वर आणा." तो काटा हीटिंगच्या पाण्याचा, एक ते दीड बारचा. आमची अडचण बॉयलरपर्यंत पोचणाऱ्या गॅसच्या दाबाची; तो मिलीबारमध्ये मोजतात आणि तो दाखवणारा काटा भाडेकरूच्या नजरेला कुठेच पडत नाही. घरे भाड्याने देणाऱ्या माणसाला हा फरक माहीत नसावा, याचे मला अजून नवल वाटते.

घरगुती मीटरमधून गॅस साधारण २१ मिलीबारने निघावा लागतो. दोन इकडे-तिकडे चालतात. तिथून बॉयलरपर्यंत पाइपात जास्तीत जास्त एक मिलीबार घटावा, असा दंडक आहे. सगळे बंद असताना मोजले तर पाइप कितीही बारीक असो, दाब बरोबरच दिसतो. खरी परीक्षा बॉयलर पूर्ण ताकदीने चालू असताना, तेही शेगडी पेटवून. कितीतरी जुन्या घरांत पूर्वी गरम पाण्याची टाकी आणि कमी ताकदीचा बॉयलर होता. त्याला १५ मिलिमीटरचा पाइप पुरत असे. त्या जागी तीस किलोवॅटच्या आसपासचा कॉम्बी बसवला, लांब पल्ल्याला २२ मिलिमीटरचा पाइप हवा होता, पण फरशी उखडायचा खर्च नको म्हणून जुनाच राहू दिला. आमच्याकडे आलेल्या इंजिनिअरने तोंडी हेच निदान केले. लेखी मात्र दिले नाही.

मग टोलवाटोलवी. गॅसच्या जाळ्याची कंपनी म्हणते, मीटरपाशी दाब ठीक आहे, पुढचा पाइप घरमालकाचा. बॉयलर कंपनी म्हणते, यंत्रात दोष नाही. इंजिनिअर मीटरच्या रेग्युलेटरचे (दाब ठरवणाऱ्या भागाचे) सील तोडू शकत नाही, आणि तोडूही नये. घरमालक गॅस सेफ्टीचा कागद पुढे करतो: पास!

तो कागद १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांप्रमाणे दरवर्षी करावाच लागतो आणि २८ दिवसांत भाडेकरूला द्यावा लागतो. त्या नियमांमुळे कार्बन मोनॉक्साइडपासून जीव वाचतात; त्यांना नावे ठेवायची नाहीत. पण त्यात बॉयलरचा कार्यदाब (चालू असतानाचा गॅसचा दाब) किंवा उष्णतेचा भार (बॉयलर किती गॅस जाळतो) यांपैकी एक तपासले तरी चालते, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर तेही शक्य नसेल तर ज्वलनाची तपासणी पुरते. ज्वलन शुद्ध आहे म्हणजे गॅस पुरेसा येतो असे नव्हे. कागद 'घातक नाही' एवढेच सांगतो आणि एजंट त्याचा अर्थ 'सगळे ठीक' असा लावतो.

१९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचे कलम ११ गॅस, हीटिंग आणि गरम पाण्याची व्यवस्था चालू स्थितीत ठेवायला सांगते. त्यावर घरमालकाचा युक्तिवाद असा की पाइप फुटलेला नाही, मग दुरुस्ती कसली? पहिल्या दिवसापासून अपुरा असलेला पाइप 'चालू स्थितीत' कसा धरायचा, याचा खुलासा आपणच करायला हवा. रॉचडेलच्या दोन वर्षांच्या अवाब इशाकचा बुरशीने जीव गेल्यावर त्याच्या नावाच्या कायद्याने सामाजिक घरांत दुरुस्तीला मुदती आल्या. २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने त्या खासगी घरांनाही लागू करायचा अधिकार आपल्याला मिळाला आहे. तो वापरताना 'हीटिंग आहे' यावर न थांबता 'हीटिंग पुरते' हे धरावे.

माझी मागणी एकच आहे. वार्षिक तपासणीच्या कागदावर, सगळी उपकरणे चालू ठेवून, मीटरपाशी आणि बॉयलरच्या तोंडाशी मोजलेला दाब, हे दोन आकडे सक्तीने लिहिले जावेत. तफावत मर्यादेबाहेर असेल तर पाइप बदलणे घरमालकाचे काम, ठरलेल्या मुदतीत. गॅस सेफ इंजिनिअरकडे (गॅसच्या कामासाठी अधिकृत नोंदणी असलेल्या) दाब मोजायचे गेज असतेच. काही मिनिटांचे काम. आकडा कागदावर आला की व्हिसावर आलेल्या, घर जाईल या धाकाने गप्प बसणाऱ्या माणसाला कुणाशी हुज्जत घालावी लागणार नाही. कलम २१ ची कारण न देता घर खाली करायला लावणारी नोटीस १ मे २०२६ पासून रद्द, हे ठाऊक आहे. भाडे वाढवून हुसकावता येते, हेही ठाऊक आहे.

गॅस सुरक्षेचे नियम आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाकडे आणि गॅसचे जाळे ऑफजेम या ऊर्जा नियामकाच्या देखरेखीखाली, तेव्हा हे आमच्या खात्याचे नाही, असे उत्तर कृपया पाठवू नये. त्या दोघांना एका टेबलाशी बसवणे आपल्याला जमण्यासारखे आहे. पुढच्या ऑक्टोबरात हीटिंग सुरू होण्याआधी जाहीर उत्तर मिळावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
स्लावमधील एक मराठी भाडेकरू