महाभियोगाचे मत मोजायला घाबरता कशाला? अमेरिकेच्या सभापतींना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. सभापती, प्रतिनिधिगृह, अमेरिकी काँग्रेस

सोलापूर, सप्टेंबर 2025

सभापती महोदय, स.न.वि.वि.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला छोटा टॉवेल कारखानदार आहे. माल थेट परदेशी पाठवण्याइतकी माझी ऐपत नाही. निर्यातदार ऑर्डर आणतो, त्यातले थोडे काम आम्हाला जॉबवर्कवर मिळते. 27 ऑगस्टला भारतीय मालावरचा तुमचा जादा कर 50 टक्क्यांवर गेला आणि लगोलग निरोप आला, मागावर नवीन बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, चढवू नका, तयार माल तुमच्याकडेच राहू द्या. रात्रपाळी बंद करावी लागली. सूत उधारीवर आणलेले होते, त्या व्यापाऱ्याला ऑगस्ट कळत नाही आणि अमेरिकाही कळत नाही. बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो. कडा शिवणाऱ्या आणि घडी घालणाऱ्या बायकांपैकी काही जणी पुन्हा विड्या वळायला गेल्या. उरलेल्या दिवाळीच्या बोनसचे विचारतात, मी दसऱ्यानंतर बघू म्हणतो आणि मान खाली घालतो. बापाने चार माग उधारीवर घेऊन सुरू केलेला हा धंदा माझ्या हातून बुडाला, तर घरी काय तोंड दाखवू?

कारण काय, तर भारत रशियाचे तेल घेतो. तेल कुणाकडून घ्यायचे हे आम्हाला विचारून ठरत नाही. शिक्षा मात्र आम्हाला.

आता तुमच्या दाराशी येतो. कर लावण्याचा अधिकार तुमच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमाने काँग्रेसला, म्हणजे तुमच्या संसदेला, दिला आहे, राष्ट्राध्यक्षांना नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर करून 1977 च्या एका कायद्याच्या आधाराने तो उचलला. त्या कायद्यात आयातकराचा उल्लेखसुद्धा नाही. 29 ऑगस्टला तुमच्याच अपील न्यायालयाने 7 विरुद्ध 4 मतांनी सांगितले की हे अधिकाराबाहेरचे आहे. तरी वसुली चालूच! आणि तुमच्या सभागृहाने काय केले? आणीबाणी उठवण्याचा ठराव आला तर ठरावीक दिवसांत समितीला तो पुढे पाठवावा लागतो. मार्चमध्ये कॅनडा-मेक्सिकोच्या करांबाबत असा ठराव येणार म्हटल्यावर तुम्ही नियम करून टाकला, की या अधिवेशनातला दिवस त्या कामापुरता दिवसच धरायचा नाही. एप्रिलमध्ये जगभरच्या करांबाबतही सप्टेंबरअखेरपर्यंत तीच वाट अडवली. माझ्या बँकेला असा नियम करता आला असता, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

इथे चहाच्या टपरीवर लोक विचारतात, एवढे सगळे होते तर त्या माणसाला काढत का नाहीत? मी वाचतो थोडेफार, म्हणून मलाच उत्तर द्यावे लागते. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत तुम्ही महाभियोगाने एकही राष्ट्राध्यक्ष घरी पाठवलेला नाही. 1868 साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले. निक्सन 1974 मध्ये गेले, पण ते राजीनामा देऊन, आणि तेही स्वपक्षाच्या ज्येष्ठांनी येऊन मते उरली नाहीत असे सांगितल्यावर. क्लिंटन सुटले. सध्याच्या राष्ट्राध्यक्षांवर प्रतिनिधिगृहाने दोनदा महाभियोग लावला आणि दोन्ही वेळा सिनेट या वरच्या सभागृहात ते सुटले. 2021 मध्ये सिनेटमध्ये 57 जण दोषी म्हणाले, लागत होते 67. तुमच्याच इमारतीवर जमाव चाल करून आला होता, सदस्य बाकांखाली लपले होते, तरी दहा मते कमी पडली! प्रतिनिधिगृहात तुमच्या रिपब्लिकन पक्षाच्या ज्या 10 जणांनी बाजूने मत दिले, त्यांतले फक्त दोघे पुढच्या निवडणुकीत परत आले. सगळे गुपित इथेच आहे. पुरावा कमी पडत नाही. पक्षाची उमेदवारी जाईल ही भीती पुरून उरते.

विरोधकांचे, म्हणजे डेमोक्रॅट पक्षाचेही मला कौतुक नाही. यंदा जूनमध्ये एका सदस्याने महाभियोगाचा ठराव आणला, तो 344 विरुद्ध 79 मतांनी बाजूला सारला गेला. त्या 344 मध्ये सव्वाशेवर मते विरोधकांची होती. चर्चासुद्धा नको?

तुम्ही म्हणाल, हे कुठेच जमत नाही. दक्षिण कोरियात जमले. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी मार्शल लॉ पुकारला. मार्शल लॉ काय असतो हे सोलापूरला शिकवावे लागत नाही. मे 1930 मध्ये इंग्रजांनी तो आमच्या गावावर लादला आणि 12 जानेवारी 1931 ला आमचे चौघे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे, येरवड्यात फासावर गेले. कोरियात पहिल्या मतदानाला सत्ताधारी पक्ष उठून बाहेर गेला. लोक कडाक्याच्या थंडीत संसदेबाहेर उभे राहिले. आठवड्यात 300 पैकी 204 मते पडली, त्यांत सत्ताधाऱ्यांचीही होती, आणि एप्रिलमध्ये तिथल्या संविधान न्यायालयाच्या आठही न्यायमूर्तींनी त्यांना पदावरून काढले. माणसे तीच होती. आठवड्यात त्यांना कुणाला भ्यायचे ते नव्याने कळले.

आमच्याकडचे सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. आमच्या घटनेत राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाचे कलम 61 आहे, ते कधी वापरावे लागले नाही. न्यायमूर्तींवर मात्र वेळ आली. 1993 मध्ये न्या. रामस्वामींविरुद्ध चौकशी समितीने आरोप सिद्ध धरले. लोकसभेत बाजूने 196 मते पडली, विरोधात एकही नाही, आणि 205 सदस्य गप्प बसून राहिले. त्या गप्प बसण्याने ठराव पडला. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने तर आमच्या खासदार-आमदारांच्या तोंडाला व्हिपचे, म्हणजे पक्षादेशाचे, कुलूपच घातले. त्यातूनही ज्यांना जायचे ते गट करून जातात. महाराष्ट्रात 2022 ला शिवसेना फुटली, अपात्रतेचा निकाल जानेवारी 2024 ला आला, आणि अपात्र कुणीच ठरले नाही. मतदार म्हणून मी कुणाला निवडले होते, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही. रांगेत उभे राहून मत आम्ही द्यायचे आणि ते कुठे वळवायचे हे दुसऱ्यांनी ठरवायचे, हा धंदा तुमच्याकडे आणि आमच्याकडे सारखाच चालू आहे.

तुमच्या लुइझियानाच्या मतदारसंघात माझे एकही मत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मागणे मागतो. करांच्या आणीबाणीवरच्या ठरावाची वाट अडवण्याची मुदत 30 सप्टेंबरला संपते, ती वाढवू नका. ठराव येऊ द्या, नावानिशी मतदान घ्या. आणि पुढचा महाभियोगाचा ठराव आला, तर तो बाजूला सारू नका. चर्चा करा, पाडायचा असेल तर पाडा, पण कुणी पाडला ती नावे आम्हाला वाचता येऊ द्यात.

आपला,
एक टॉवेल कारखानदार, सोलापूर