कापवतं कसं?

प्रिय मित्रा,

परवा माझ्या नव्या गोधडीचा फोटो पाठवला तेव्हा तुझं एका ओळीचं उत्तर आलं, "एवढं भारी कापड, कापवतं कसं रे तुला?" आणि पुढे तो रडका इमोजी. मी अंगठा पाठवून मोकळा झालो, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, मशीनवर बसलो की तोच, इस्त्री हातात घेतली की तोच. म्हणून हे पत्र. लांबलचक होणार, आधीच सांगून ठेवतो, कारण रंगवलेलं कापड प्लास्टिकात गुंडाळून ठेवलंय आणि सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाहीये, म्हणजे रात्र मोकळीच आहे.

तर खरं उत्तर असं की नाही कापवलं. दोन वर्षं नाही कापवलं.

ते निळं कापड मी केलं असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, कारण ते बिघडलेलं काम होतं. मला मोठी पानं काढायची होती. आधी सगळं कापड फिकट निळं रंगवून घेतलं, मग फ्रेमवर ताणलं आणि कँटिंगने कडा काढत बसलो. कँटिंग म्हणजे लाकडी दांडी, तिच्या टोकाला तांब्याची इवलीशी वाटी आणि वाटीला चोच, त्या चोचीतून गरम मेण उतरतं. मेण असेल तिथे रंग चढत नाही, हेच बाटिक. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या याच हत्याराने लिहीत आल्यात, आणि हो, तिकडे हाताने केलेल्या बाटिकला 'तुलिस' म्हणतात, म्हणजे लिहिलेलं. मला हा शब्द फार आवडतो. कारण ते लिहिण्यासारखंच आहे, हात थांबला की थेंब पडलाच, आणि पडला की खोडरबर नाही. तांब्याचे ठसे वापरून पटापट छापायची पद्धत एकोणिसाव्या शतकात आली, ती 'चाप'. २००९ मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकला वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा दोन्ही घेतले, तुलिस पण आणि चाप पण. माझ्याकडे ठसे नाहीत, त्यामुळे मी आपला लिहितो, वाईट अक्षरात.

मेणाचं एक सांगतो, कारण सगळी गंमत (आणि सगळी वाट) तिथेच लागते. मेण नीट तापलेलं असेल तर ते कापडात शिरतं आणि तिथे कापड ओलं झाल्यासारखं आरपार दिसतं, मागूनही. पांढरट, दुधाळ असं नुसतं वर बसून राहिलं तर समजायचं की गार आहे, रंग त्याच्या खालून गुपचूप पसरणार. धूर निघायला लागला तर फार तापलंय, बंद कर, झाकण ठेव, पाणी अजिबात नाही. मी ते गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवतो आणि तिथून हलत नाही. आता मेणं दोन. मधमाशीचं मेण चिवट, वाकवलं तर वाकतं. पॅराफिन ठिसूळ, वाकवलं की तडकतं. दोन्ही मिसळून वापरायचं, जास्त तडे हवे असतील तर पॅराफिन जास्त. माझं मधमाशीचं मेण नेमकं त्या दिवशी संपलं होतं आणि मी आळस केला. पानांचा आतला भाग मोठ्या ब्रशने जवळजवळ निव्वळ पॅराफिनने भरून टाकला.

तीन संध्याकाळी गेल्या त्याच्यात. थंडीचे दिवस होते, मेण अगदी काचेसारखं कडक झालेलं. फ्रेमवरून काढून रंगाच्या टबाकडे नेताना एक टोक हातातून सुटलं, ते धरायला गेलो आणि अख्खं कापड मुठीत चुरगळलं. आवाज आला, वाळक्या पानांवर पाय पडावा तसा. मी दोन मिनिटं तसाच उभा. मग म्हटलं जाऊ दे, रंग कालवलेला आहे, तो काही उद्यापर्यंत थांबणार नाही, आणि टाकलं गडद निळ्यात.

(रंग थांबत नाही हे तुला नवीन असेल. आम्ही वापरतो ते रंग थंड पाण्यात चालतात, ते चालायलाच हवेत, गरम पाणी घातलं तर मेणच वितळेल. १९५६ मध्ये आयसीआय या ब्रिटिश कंपनीने प्रोशियन नावाने बाजारात आणले, त्याआधी घरच्या घरी थंड पाण्यात सुती कापडावर इतका झगझगीत आणि टिकणारा रंग चढवणं सोपं नव्हतं. रंग सुताशी थेट बांधला जातो, वर चिकटून बसत नाही. पण त्यासाठी सोडा ॲश लागतो, आणि एकदा सोडा घातला की रंग सुताशी जोडला जातो तसा पाण्याशीही जोडला जातो, काही तासांत दम संपतो. पावडर उघडताना मास्क लावतो, भांडी वेगळी ठेवलीत, स्वयंपाकाकडे ती परत जात नाहीत. काळजी करू नको.)

दुसऱ्या दिवशी कापड उकळत्या पाण्यात टाकलं. मेण सुटून वर येतं, पाणी गार झालं की वर साय धरल्यासारखं घट्ट होतं, ती उचलून ठेवायची, सिंकमध्ये ओतलं तर प्लंबर बोलवावा लागतो, अनुभव आहे. आणि खालून जे कापड निघालं ना... पानांच्या आतून सगळीकडे बारीक निळ्या रेषा, केसाएवढ्या, एका पानातून निघून शेजारच्या पानात शिरलेल्या. मी काढलेल्या पानांच्या शिरा त्याच्यापुढे शाळकरी वाटत होत्या. धू धू धुतलं, आठव्या पाण्यापर्यंत निळं येत होतं, नवव्याला निवळलं. वाळवलं, इस्त्री केली, घडी घातली आणि कपाटात.

मग काय, दोन वर्षं काढायचं, बघायचं, घडी. कुणी आलं की काढायचं, दाखवायचं, घडी. दरम्यान बाकीच्या कापडांच्या गोधड्या झाल्या, पाच झाल्या, एक बरी, एक खरंच चांगली आणि उरलेल्यांबद्दल बोलायला नको. प्रत्येक वेळी वाटायचं इथे ते निळं बसेल. आणि प्रत्येक वेळी, नको, अजून त्याच्या लायकीचं काही सुचलेलं नाही. ही लायकीची भाषा फार घातक असते बघ, ऐकायला नम्रपणा वाटतो आणि असते निव्वळ भीती.

मधल्या काळातलीच एक गोष्ट. एका प्रदर्शनात माझी ती बरी गोधडी लागली होती, भिंतीवर, चांगल्या उजेडात. एक गृहस्थ बराच वेळ बघत उभे राहिले, मी मनात फुगलेला, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिसेसनी केलंय का?" मी नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न, "अंगावर घ्यायला जड नाही होत?" तिसरा प्रश्न नेहमीचा, किती तास लागले. चित्रकाराला हे कुणी विचारत नाही रे. म्हणजे विचारत असतीलही, पण पहिल्यांदा नाही विचारत. गोधडीच्या पाठीवर बाही शिवलेली असते, तिच्यातून दांडी घालून ती टांगायचीच वस्तू आहे, पण तीन थर आणि टाके दिसले की लोकांना झोप येते. मी आता उत्तर देतो, हो, घ्या अंगावर, पण विकत घेऊन. बायको म्हणते तुझं हे उत्तर पाठ झालंय, चेहऱ्यावर दिसतं.

तर कापायचं कसं सुचलं ते. यंदा कपाट आवरताना ती घडी काढली आणि उलगडली तर मधोमध एक फिकट पट्टा. कपाटाचं दार नीट लागत नाही, फटीतून उन्हाची तिरीप येते आणि घडीचा जो काठ बाहेरच्या बाजूला होता तिथला रंग उडालेला. अंदाजे बोटभर रुंद, टोकापासून टोकापर्यंत, दुधात पाणी घातल्यासारखा. मी इतका चिडलो की दारालाच लाथ घातली, म्हणजे दार आता आणखी कमी लागतं.

मग रात्री बसलो असताना मिसूरी पेटवे आठवली. अमेरिकेत अलाबामात जीज बेंड म्हणून वस्ती आहे, नदीच्या वळणात, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या आणि लोक चक्रावले. मिसूरी पेटवे त्यातलीच. १९४२ मध्ये नवरा गेल्यावर तिने त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची गोधडी केली. त्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या नीट बघ कधीतरी. पँट उन्हाने विटलेली असते, पण जिथे खिसा उसवून काढलाय तिथे मूळ रंगाचा गडद चौकोन राहतो, गुडघ्यावरचं ठिगळ काढलं तर तिथेही. ते कुणी रंगवलेलं नाही. उन्हाने आणि खिशाने मिळून केलंय. आणि त्या बायकांनी ते झाकलं नाही, उलट असा तुकडा बरोब्बर मोक्याच्या जागी लावला.

मी उठलो, दिवा लावला, कापड मॅटवर पसरलं. पट्टी ठेवली, रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) उघडला. पहिला काप त्या फिकट पट्ट्याच्या वरून आणि दुसरा खालून. छाती धडधडत होती, हसू नकोस. कटरचा आवाज फार छोटा असतो, नखाने कागद ओढावा एवढाच, आणि तेवढ्यात झालंसुद्धा. मग मात्र सुटलोच, रात्री दीडपर्यंत सगळ्याचे तुकडे. सकाळी कापड म्हणून काही उरलंच नव्हतं.

पुढचे अकरा दिवस भिंतीपुढे. भिंतीवर जाड फ्लॅनेल ठोकलंय, सुती तुकडे त्याला टाचणीशिवाय चिकटून राहतात, इकडचा तिकडे करत बसायचं. जुनी ट्रिक वापरली, मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करायचा. रंग गेला की कळतं कुठे गडद-फिकट जमलंय आणि कुठे सगळं एकाच पातळीवर सपाट पडलंय. गंमत म्हणजे रंगात लाजिरवाणा दिसणारा तो पट्टा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सगळ्यात उजळ, क्षितिजासारखा. मग तोच मध्ये घेतला, आडवा, आणि बाकीचं सगळं त्याच्या वर आणि खाली रचलं.

शिवताना अजून थोडं गेलं. प्रत्येक शिवणीत दोन्हीकडून पाव-पाव इंच आत जातो, म्हणजे त्या केसासारख्या रेषा जुळतच नाहीत, एक रेष शिवणीपाशी येते आणि गायब, पलीकडे भलतीच सुरू. चार जागी तुकडा उरेप, म्हणजे तिरका, पडला होता, तो ताणला गेला, उसवला, परत लावला. एका जागी तीनदा. मग मी जुळवायचा नादच सोडला. वरचा थर, मधला कापूस, अस्तर, तिन्ही कच्च्या टाक्यांनी अडकवले आणि मशीनचे दात खाली केले. दात खाली केले की कापड पुढे सरकवायचं काम मशीन करत नाही, तुझे हात करतात, कुठल्याही दिशेला, पेन्सिल धरून ठेवावी आणि कागद हलवावा तसं. मेणाच्या तड्यांवरून दोऱ्याने गेलो. आणि शिवणीपाशी तडा गायब झाला तरी दोरा थांबवला नाही, पुढच्या तुकड्यात नेला, साध्या रंगाच्या तुकड्यातही नेला, जिथे कधी तडा नव्हताच. फोटोत तुला दिसणार नाही ते, उजेड बाजूने पडला की दिसतं. हे या सगळ्यातलं माझं. बाकी पॅराफिन आणि ऊन.

फिकट पट्ट्यावर मशीन चालवलं नाही. तिथे हाताने साधा धावदोरा, त्याच फिकट निळ्या दोऱ्याने. अंगुस्तान घालून मला जमत नाही, मधल्या बोटाचं टोक अजून सोललेलंय, त्यामुळे टायपिंगच्या चुका माफ कर.

आता नवीनच त्रांगडं झालंय. एकांनी ही गोधडी मागितलीय, पैसे बरे देतायत, आणि मी गेले आठ दिवस उद्या सांगतो म्हणून टाळतोय. हॅरिएट पॉवर्स म्हणून एक बाई होऊन गेली, अमेरिकेतल्या जॉर्जियात, १८३७ ची, जन्माने गुलाम. तिच्या दोनच गोधड्या आज शिल्लक आहेत, दोन्ही मोठ्या म्युझियममध्ये. त्यातली एक, बायबलमधल्या गोष्टींची, ती आधी विकायलाच तयार नव्हती. पुढे अडचण आली तेव्हा स्वतः घेऊन आली, दहा डॉलर सांगितले, पाच मिळाले. आणि नंतर विकत घेणारीच्या घरी हॅरिएट आपली गोधडी बघायला परत परत जायची. मी हे वाचलं तेव्हा नुसतं चुकचुकलो होतो. आता वेगळंच डोक्यात येतं, की मागणारे गृहस्थ राहतात कुठे, बस जाते का तिकडे.

तुला पाकिटातून एक पट्टी पाठवतोय, उरलेल्यातली सगळ्यात मोठी, जेमतेम वीतभर. फ्रेमबिम करू नको, पुस्तकात खूण म्हणून ठेव. धुतलीस तर पहिल्यांदा एकटीच धू. नऊ पाणी दिलंय मी तिला, तरी भरवसा नाही.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
चिंधीवाला

ता.क. सकाळी पोस्टात टाकायच्या आधी लिहितोय. रात्री गुंडाळून ठेवलेलं कापड आत्ता उघडलं, पिवळं हवं होतं, शेवाळी आलंय. बहुतेक टब नीट धुतला नव्हता. हे मात्र लगेच कापणार आहे, बघच तू.