रात्रीच्या ‘भूत सहली’ आणि गोव्यातील मृतांचा मान

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पणजीत रात्री पायी फिरवून भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या आणि शेवटी दफनभूमीत नेणाऱ्या एका सहलीत मी गेल्या हंगामात, पुण्याहून आलेल्या भाच्याच्या आग्रहाखातर, पैसे भरून सहभागी झालो होतो. त्या निमित्ताने जे पाहिले आणि ऐकले, त्याबद्दल आपल्या दैनिकातून थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी. आयोजकांचे नाव मी मुद्दाम देत नाही. रात्रीच्या सहलींना माझा विरोध नाही. किनाऱ्यावरचा धांगडधिंगा आणि मांडवीतले कॅसिनो सोडूनही रात्रीच्या गोव्यात पाहण्यासारखे काही आहे, हे कुणाला तरी सुचले याचे मला कौतुकच वाटते. तक्रार आहे ती अशी की, ज्या भूमीत मृतांच्या इतक्या करुण आणि कागदोपत्री नोंदलेल्या हकिगती पावलोपावली सापडतात, तेथे पाहुण्यांना रचलेली भुते विकली जातात, आणि ती विकताना ज्यांची माणसे त्या मातीत पुरलेली आहेत त्यांना कुणी विचारातही घेत नाही.

सहलीची सुरुवात जुन्या सचिवालयाशेजारच्या संमोहनशास्त्रातले गोमंतकीय पाद्री आबे फारिया यांच्या पुतळ्यापासून झाली. खाली कोसळत असलेली स्त्री आणि तिच्यावर हात पसरून उभा असलेला पाद्री, हे रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेले आणि १९४५ साली उभारले गेलेले शिल्प रात्रीच्या पिवळ्या दिव्यात खरोखरच अंगावर येते. आमच्या मार्गदर्शकाने त्याचा फायदा घेऊन ‘हा एक मांत्रिक होता, बायकांना वश करून घेत असे’ असे सांगून टाकले. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला आणि पॅरिसमध्ये १८१९ साली निवर्तलेला हा गोमंतकीय वस्तुतः मांत्रिकपणाच्या नेमक्या उलट बाजूला उभा होता. संमोहनकर्त्याच्या अंगात कोणतीही चुंबकीय किंवा दैवी शक्ती नसते, जे काही घडते ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात, सूचनेच्या जोरावर घडते, हे त्याने त्या काळात ठासून सांगितले आणि त्यापायी पॅरिसमध्ये टिंगलही सोसली. राजदरबारातल्या प्रवचनाच्या वेळी घाबरून गप्प झालेल्या या मुलाला बापाने ‘कातर रे भाजी’ (समोरचे सगळे भाजी समज आणि काप) म्हणून धीर दिल्याची आख्यायिका गोव्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. ती सहलीत आली असती, तर भीती म्हणजे काय आणि ती कुठून येते हा विषय तेथेच रंगला असता. सूचनेने माणूस कसा घाबरतो, याचा प्रयोग आमच्यावर तासभर चालूच होता. फक्त ज्याने तो उलगडून दाखवला त्यालाच भुतांच्या यादीत घातले गेले.

तेथून आम्ही चर्च चौकातल्या गार्सिया द ओर्ता उद्यानाच्या कडेने गेलो. मार्गदर्शक एक शब्दही बोलला नाही. भारतातल्या औषधी वनस्पतींवर गोव्यात राहून अभ्यास करणारा आणि १५६३ साली आपला ग्रंथ गोव्यातच छापून घेणारा हा वैद्य १५६८ साली मरण पावला. त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाने, पुढच्याच वर्षी जिवंत जाळले. आणि तो स्वतः गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता, असा ठपका ठेवून १५८० साली त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आल्या. मेलेल्या माणसावर खटला चालवून त्याच्या हाडांना शिक्षा देणारी सत्ता या भूमीत होऊन गेली, आणि ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला त्याच्या नावाच्या बागेत आज संध्याकाळी मुले खेळतात. दफनभूमीच्या सहलीला याहून समर्पक कथा मिळणार नाही. पुढे सांव तोमे परिसरात, पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंटो बंडातल्या १५ जणांना देहदंड दिला गेला त्याबद्दलही मौनच होते. आबे फारिया यांच्या वडिलांना याच बंडाच्या संशयावरून लिस्बनमध्ये अटक झाली होती, म्हणजे पुतळ्यापासून या चौकापर्यंत एक सलग धागा हाताशी होता. पण तो धरण्याऐवजी येथे आम्हाला पांढऱ्या साडीतली बाई मिळाली. ही बाई महाराष्ट्रापासून बंगालपर्यंत प्रत्येक घाटात आणि प्रत्येक पुलावर भेटते, तिला भेटायला कुणी पणजीला येण्याचे कारण नाही.

फोंताइन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीत सेंट सेबॅस्टियन चॅपेलातल्या क्रूसाविषयी ‘मध्यरात्री डोळे उघडतात’ असे सांगण्यात आले. या ख्रिस्तमूर्तीचे डोळे दिवसाढवळ्याही उघडेच असतात आणि मान ताठ असते, हेच तिचे वैशिष्ट्य आहे. ती जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातली. १८१२ साली इन्क्विझिशन बंद झाल्यावर ती पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात आली आणि तेथून १९१८ साली या चॅपेलात. आरोपींनी वर पाहिले की तिची नजर आपल्यावरच रोखलेली आहे असे त्यांना वाटावे, म्हणून ती तशी घडवली गेली, असे सांगितले जाते. ते ऐकल्यावर मध्यरात्रीच्या चमत्काराची गरज उरते का, हे वाचकांनीच ठरवावे. या वस्तीत लोक राहतात, त्यांच्या खिडक्या रस्त्यालगत आहेत, आणि दिवसा छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गर्दीने ते आधीच इतके त्रासले आहेत की अनेक घरांवर मनाईच्या पाट्या लागल्या आहेत. अशा ठिकाणी रात्री दहा वाजून गेल्यावर मार्गदर्शकाने गळ्यातल्या छोट्या ध्वनिवर्धकावर किंचाळी वाजवली. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी आहे हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. वरच्या मजल्यावर एक दिवा लागला आणि लगेच विझला. आमच्यातल्या दोघा-तिघांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

सगळ्यात खटकले ते दफनभूमीत. कोणत्या, ते मी लिहीत नाही, कारण तेथील व्यवस्थापनाला याची कल्पना होती की नाही हे मला समजू शकले नाही. फाटक नुसते लोटलेले होते. आत गेल्यावर प्रत्येकाच्या हाती एकेक मेणबत्ती देण्यात आली आणि ‘तुम्हाला आवडेल ते थडगे निवडा, त्यावर बसा, डोळे मिटा’ अशी सूचना झाली. गोव्यातल्या चर्चच्या दफनभूमी हे जुने अवशेष नसून रोजच्या वापरातल्या जागा आहेत. जागा अपुरी असल्यामुळे ठरावीक वर्षांनी खड्डा उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात आणि तीच जागा दुसऱ्या कुटुंबाला मिळते. दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तेथे फुले आणि मेणबत्त्या घेऊन गावच्या गाव लोटतो. आम्ही ज्या थडग्यांवर बसावे अशी अपेक्षा होती, त्यांतल्या एकावरची झेंडूची फुले सुकलीही नव्हती. सांत इनेजच्या आपल्या हिंदू स्मशानात अशी पर्यटकांची टोळी चितेच्या ओट्यावर बसवली, तर काय होईल याची कल्पना करून पाहावी. आम्ही काहीजण फाटकाबाहेर येऊन थांबलो. आयोजकांनी ते हसण्यावारी नेले.

दुसऱ्या टप्प्यात गाडीने दोना पावलला नेण्यात आले. मोत्यांची माळ घालून समुद्रातून वर येणारी, कोळ्याच्या प्रेमापायी कड्यावरून उडी घेतलेली दोना पावला आम्हाला ऐकवली गेली आणि खडकावरचे शिल्प हे त्या प्रेमिकांचे, असेही सांगण्यात आले. ते शिल्प बॅरोनेस इर्सा फॉन लाइस्टनर या शिल्पकर्तीचे आहे आणि त्याचा या कथेशी कसलाही संबंध नाही. दोना पावला नावाची स्त्री खरोखर होऊन गेली, ती एका सरदाराची पत्नी होती, आणि तिची समाधिशिला राजभवनातल्या काबोच्या चॅपेलात १६८२ हे मृत्युवर्ष धारण करून आजही आहे. कड्यावरून उडी घेतलेल्या बाईला चॅपेलात सन्मानाने पुरण्याची त्या काळच्या चर्चची पद्धत नव्हती, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. त्याच टेकडीपाशी भिंतीआड इंग्रजांची छोटी दफनभूमी आहे. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, १७९९ ते १८१३ दरम्यान, इंग्रज पलटणी गोव्यात तळ ठोकून होत्या, त्यांची ती खूण. परक्याच्या वसाहतीत पहारा देता देता मेलेले ते शिपाई अंधारात गाडीच्या काचेतून मागे पडले. आमचे भूत तोवर पुढच्या वळणावर उभे होते.

जुन्या गोव्याची दुसऱ्या रात्रीची सहल मी घेतली नाही. तिची जाहिरात मात्र वाचली. ‘शापित मनोरा’ म्हणून ज्याचे चित्र तीत दिले आहे, तो सेंट ऑगस्टिनचा ४६ मीटर उंचीचा मनोरा. संन्यासी संघांना हद्दपार केल्यावर चर्च ओस पडले, १८४२ साली छत कोसळले, आणि तिथली मोठी घंटा शेवटी १८७१ साली पणजीच्या चर्चवर चढली. आज पणजीकर ऐकतात ती तीच. शाप कसला आला आहे, ओसाड इमारतीची डागडुजी कुणी केली नाही एवढेच. याच अवशेषांत पुरातत्त्व खात्याला जे सापडले, त्यापुढे कोणतीही भयकथा फिकी पडावी. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्मांतराला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या हुकमावरून १६२४ साली शिराझ येथे तिचा छळ करून तिला मारण्यात आले. ऑगस्टिनी मिशनऱ्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांतला काही भाग १६२७ साली गोव्यात आणून येथे ठेवला. जुन्या पोर्तुगीज नोंदींत दिलेली खिडकीची जागा शोधत संशोधकांनी उत्खनन केले, हाडाचा तुकडा मिळाला, हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने त्याची जनुकीय तपासणी केली, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी ते अवशेष जॉर्जियाच्या स्वाधीन केले. एक राणी जवळजवळ चारशे वर्षे आपल्या मातीत होती आणि मग सन्मानाने घरी गेली. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची फरशी तर शिलालेख आणि कुलचिन्हे कोरलेल्या समाधिशिलांचीच आहे. त्यांवरून रोज शेकडो पावले जातात. एक विजेरी आणि ते लेख वाचू शकणारा एक माणूस, एवढ्यावर तासाभराची उत्तम सहल होईल.

आणखी एका प्रकाराकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. कासावलीजवळच्या कुएली टेकडीवरचे चॅपेल ‘तीन राजांनी एकमेकांना विष घातले, त्यांची भुते’ या कथेमुळे देशभर प्रसिद्ध झाले आहे. गोव्यात असे तीन पोर्तुगीज राजे कधी नव्हतेच. तीन राजे म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तिघे, आणि ६ जानेवारीच्या फेस्ताला कुएली, कासावली आणि आरोशी या तीन गावांतून एकेक मुलगा राजा होऊन मिरवणुकीने टेकडीवर जातो. ज्या मुलांच्या पोशाखाची तयारी घरोघरी चाललेली असते, त्यांच्या उत्सवाची ही अशी भूतकथा झालेली पाहून गावाला काय वाटत असेल, हे सांगायला नको.

हिंदू समाजाने यात फार शहाजोगपणा करू नये, हेही लिहिले पाहिजे. सहलीत आमच्या देवचारालाही भुतात काढण्यात आले, आणि आमच्यातलेच काही हसले. हातात दांडा आणि खांद्यावर कांबळे घेऊन रात्री गावाची सीमा फिरणारा, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा, ज्याला आपण सोरो (दारू) आणि रोट (जाड भाकरी) ठेवतो तो राखणदार घाबरवण्यासाठी नसतो. गावात चुकीचे वागणाऱ्यालाच काय ती त्याची भीती. शिमग्यात साळ गावचे गडे, म्हणजे अंगात आलेले भाविक, रात्री धावतात, सत्तरीतल्या झर्मे गावात चोरोत्सव होतो. चोर समजून गावकऱ्यांनी निरपराध तरुणांना मारल्याची आठवण ते गाव आजही दरवर्षी प्रतीकरूपाने जमिनीत माणसे पुरून, सगळ्यांसमक्ष जागवते. मृतांशी कसे वागावे हे या लोकांना कुणी शिकवलेले नाही, आणि अशा उत्सवांना तिकीट लावून नेण्याची कल्पना कुणाला सुचण्याआधीच काहीतरी ठरवले पाहिजे.

काय ठरवावे, तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली मार्गदर्शकांची नोंदणी होतच असते. रात्रीच्या ऐतिहासिक सहलींसाठी त्याच नोंदणीत वेगळी अट घालून, सांगितल्या जाणाऱ्या मजकुराची पुराभिलेख आणि पुरातत्त्व खात्याकडून एकदा तपासणी करून घेणे अवघड नाही. दंतकथा सांगू नयेत असे माझे म्हणणे नाही, त्या दंतकथा म्हणून सांगाव्यात. वापरातल्या दफनभूमीत चर्चच्या लेखी संमतीशिवाय सूर्यास्तानंतर प्रवेश नसावा. एडिंबरा शहरात भूतसहलींचा धंदा आपल्यापेक्षा कितीतरी जुना आणि मोठा आहे, आणि तेथेही ग्रेफ्रायर्स दफनभूमीचा एक भाग कुलूपबंद ठेवून परवानगी असलेल्या मार्गदर्शकासोबतच उघडला जातो. फोंताइन्हासमध्ये गट लहान असावेत, ध्वनिवर्धक नसावा आणि कार्यक्रम दहाच्या आत संपावा, यासाठी महापालिकेने रहिवाशांशी बोलून नियम करावेत. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. तत्पूर्वी पर्यटन खाते, महापालिका आणि चर्चचे प्रतिनिधी यांनी एकदा एकत्र बसावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. दफनभूमींच्या फाटकांना मात्र त्या बैठकीची वाट न पाहता आजपासूनच रात्री कुलूप लागायला हरकत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
मळा, पणजी